पुस्तक पोरीचं, सिनेमा आईचा

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी मला ती क्लिप पाठवतंच. तोंडाला पांढरं क्रीम थापलेली, डोळे वटारलेली एक बाई, हातात कपड्यांचा तारेचा हँगर, आणि छप्पर उडेल असं किंचाळणं. खाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे सतरा पिवळे चेहरे. ऑफिसमध्ये तर कोणी खुर्चीवर जॅकेट नीट लावलं नाही की एक टीममेट तोच डायलॉग मारतो आणि आख्खा बे हसतो.

त्या क्लिपमध्ये एक नऊ-दहा वर्षांची मुलगी पण आहे राव. ती मार खातेय. तिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं. या वीकेंडला तिच्याबद्दल लिहायचं ठरवलंय, आणि डोकं तापलेलं आहे, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

सिनेमाचं नाव 'मॉमी डिअरेस्ट', साल १९८१. आई म्हणजे जोन क्रॉफर्ड, हॉलिवूडची एकेकाळची फार मोठी नटी. हिला ऑस्कर मिळालं ते 'मिल्ड्रेड पिअर्स' (१९४५) या सिनेमासाठी. त्यातली भूमिका कसली, तर मुलीसाठी हाडाची काडं करणाऱ्या आईची! तिने मुलं दत्तक घेतली होती, त्यातली थोरली क्रिस्टिना. मे १९७७ मध्ये जोनबाई वारल्या. मृत्युपत्रात क्रिस्टिना आणि तिचा भाऊ ख्रिस्तोफर यांना दमडीही नाही, आणि कारण काय, तर ते त्या दोघांना चांगलं ठाऊक आहे. बस, एवढंच. पुढच्याच वर्षी, १९७८ ला, क्रिस्टिनाने पुस्तक काढलं. मार, रात्री-बेरात्री उठवून घर घासायला लावणं, बाहेर कॅमेऱ्यासमोर लाडाची लेक आणि आत भीती. आज अशी पुस्तकं पुष्कळ आहेत. तेव्हा एवढ्या मोठ्या नटीबद्दल तिच्याच पोरीने असं लिहिणं म्हणजे देवघरात चपला घालून जाण्यासारखं होतं.

तीन वर्षांनी पॅरामाउंटने त्याचा सिनेमा केला. दिग्दर्शक फ्रँक पेरी, जोनच्या भूमिकेत फे डनअवे. लोक थिएटरात रडायला गेले आणि हसायला लागले. काही आठवड्यांतच स्टुडिओच्या लक्षात आलं की पब्लिक हँगर घेऊन येतंय, डायलॉग आधीच म्हणतंय. मग स्टुडिओने काय केलं? जाहिरातच बदलली. गंभीर चरित्रपट म्हणून विकायला काढलेला माल कॉमेडी म्हणून विकला. सिनेमाचा निर्माता इतका भडकला की त्याने स्टुडिओला कोर्टात खेचलं. १९८२ मध्ये त्या रॅझी नावाच्या 'वाईटातल्या वाईट' पुरस्कारांत सिनेमाने पाच बक्षिसं पटकावली, आणि १९९० साली दशकातला सर्वांत वाईट सिनेमा म्हणूनही त्याचीच निवड झाली.

आता इंग्रजीत याला 'कँप' म्हणतात. म्हणजे अतिरेक, पण इतक्या मनापासून केलेला की त्याचीच गंमत वाटावी. सुझन सोन्टॅगने १९६४ मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. आपल्याला हे काही नवीन नाही. आमच्याकडे नमनात दहा तोंडांचा रावण नाचत आला की पोरं आधी घाबरतात आणि मग त्याच्याचसाठी शिट्ट्या मारतात. रावणाचा अतिरेक हवाच असतो आपल्याला. पण नमनात रावण कोणा खऱ्या पोराला बडवत नसतो, हा एक बारीकसा फरक आहे.

हे नीट सांगितलं पाहिजे, की अमेरिकेत या सिनेमाला डोक्यावर घेणाऱ्यांत समलिंगी प्रेक्षक खूप होते, आणि त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या घरात काय काय भोगलेलं होतं. आपल्या घरातली भीती पडद्यावर बघून तिच्यावर हसायचं, तिला छोटं करायचं, हे मला कळतं. ज्याने मार खाल्लाय त्याच्या हसण्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ज्यांना काहीच भोगावं लागलं नाही आणि ज्यांनी पुस्तकाचं पान उलटलेलं नाही त्यांच्या हसण्याशी. आणि त्याहून जास्त, ज्यांनी हे हसण्याजोगं करून ठेवलं त्यांच्याशी.

कसं केलं ते बघा. क्रिस्टिनाचं पुस्तक 'मी' असं सांगतं. मुलगी जिथे होती तिथलंच तिला माहीत. दाराबाहेर पावलं वाजली की काय वाटायचं, आज मूड कसा आहे हे ओळखायला ती काय काय बघायची. सिनेमाने हे सगळं काढून टाकलं. सिनेमात आपण एमजीएमच्या मालकाच्या केबिनमध्ये जातो, जिथे जोनला नारळ मिळतो. नवरा मेल्यावर पेप्सीच्या संचालकांच्या बैठकीत जातो, जिथे ती टेबलावरच्या सगळ्या पुरुषांना गप्प करते (तो सीन भारी आहे, खोटं कशाला बोलू). या खोल्यांत क्रिस्टिना नाहीये! ती असूच शकत नाही. म्हणजे साक्षीदार बदलला. आपण पोरीच्या डोळ्यांतून आईकडे बघत होतो, ते आता आईच्या खांद्यावर बसून पोरीकडे बघायला लागलो. फे डनअवे एवढी ताकदीची नटी, की ती पडद्यावर असताना दुसरीकडे नजर जातच नाही. पोरगी उरली फक्त मार खायला. प्रॉप म्हणून. हँगर आणि ती, दोघी एकाच दर्जाच्या.

आपल्या भाषेत सांगायचं तर युजरने बग नोंदवला, आणि आपण त्याचं डेमो म्हणून सादरीकरण केलं. टाळ्या पडल्या. बग तसाच आहे.

यावर नेहमीचा आक्षेप: "पण ती खरं बोलत होती कशावरून? पैशासाठी लिहिलं असेल." बरोबर, दोन धाकट्या बहिणींनी सांगितलं की आमची आई अशी नव्हतीच. मग? एकाच घरातल्या चार पोरांना चार वेगवेगळ्या आया मिळतात हे ज्याला माहीत नाही त्याला बहुतेक भावंडं नसावीत. 'माझ्या मशीनवर चालतंय' हे उत्तर आपण टेस्टरला देतो तेव्हा तो कसा बघतो आपल्याकडे? दोघींचं म्हणणं दोघींपुरतं खरं असू शकतं आणि तिसरीचं तिच्यापुरतं. क्रिस्टिनावर शंका घ्या, जरूर घ्या. शंका घ्यायलाही आधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि हसणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

असो. तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे आईवर असा सिनेमा कोण काढणार?

तोच तर मुद्दा आहे. आपल्याकडे हसत नाहीत, आपल्याकडे ओवाळतात.

आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातली गोष्ट घ्या. दापोलीजवळचं पालगड, साने गुरुजी, 'श्यामची आई'. पुस्तक १९३५चं. अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा सिनेमा केला, वनमालाबाई आई झाल्या, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. २०२३ मध्ये सुजय डहाकेने पुन्हा केला, कृष्णधवल. पोराने आईचं सांगितलेलं आयुष्य म्हणून बघाल तर मराठीतला हा सर्वांत लाडका आत्मचरित्रपर ऐवज. त्यात पोहण्याचा प्रसंग आहे, आठवतोय? श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, लपून बसतो, आई शिमटीने फोडून काढते आणि पोहायला पाठवते. संध्याकाळी जवळ घेते. मी चौथीत वाचलं तेव्हा रडलो होतो, आणि पुस्तक मला अजूनही आवडतं. गुरुजी स्वतःच्या आईबद्दल, स्वतःच्या मनाने सांगतायत, त्यांचा तो हक्क आहे. चीड मला येते त्या प्रसंगाचं आपण जे केलं त्याची. आपण त्याचा टेंप्लेट केला. आईचा मार म्हणजे माया, आणि मार खाल्लेल्या पोराच्या तोंडी एकच वाक्य शोभतं: 'तिने मारलं म्हणून मी घडलो.' दुसरं वाक्य आलं की ते कृतघ्न.

श्यामला हे वाक्य त्याचं त्याला सुचलं. बाकीच्यांना आपण पाठ करायला दिलं.

आता माझ्या घरची गोष्ट. मी राजापूरचा. मे महिन्यात आम्ही सगळे पुण्या-मुंबईहून उतरतो, माणसं अठरा आणि बाथरूम एक. रात्री जेवणं झाली, लाईट गेली, जांभ्या दगडाच्या ओट्यावर गार वाटतं म्हणून सगळे तिथेच. आणि मग सुरू होतो आमचा आवडता कार्यक्रम: कोणी कोणाचा किती मार खाल्ला. एकीला निगुडीचा फोक, एकाला लाटणं, एकाला चिव्याची काठी, कोणाला विहिरीवरच्या दोरखंडाने. नकला होतात. आज्जीचा (आता ती नाही) तो वरचा सूर, लुगड्याचा पदर खोचणं, सगळं. हसून हसून मुरकुंडी. धाकटा काका यात उस्ताद. त्याची उलथन्याची गोष्ट दरवर्षी मागणी असते. आज्जीने चुलीपाशी बसल्या बसल्या उलथनं कसं फेकलं, ते याच्या कानाशेजारी कसं लागलं, हा कसा गोल गोल फिरला. तो उठून फिरून दाखवतो. यंदाही दाखवलं.

माझी भाची, नऊ वर्षांची, पुण्यात वाढलेली. तिने विचारलं, "आजोबा, मग तुम्ही डॉक्टरकडे कधी गेलात?"

काका म्हणाला, "नाही गेलो गो. अर्जुनेला पूर होता, जवाहर चौकात पाणी. चार दिवस रस्ताच बंद."

"मग नंतर?"

"नंतर थांबलं ना दुखायचं."

मला एवढ्या वर्षांत हे माहीत होतं की काकाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. फोन तो कायम उजव्या कानाला लावतो. त्या दोन गोष्टी कधी कोणी एकत्र ठेवल्याच नव्हत्या. आत्या उठली, म्हणाली, "तेव्हा सगळ्यांच्याच आया मारायच्या. चला, अंथरुणं घाला." विषय संपला.

आज्जीवर मी इथे खटला भरत नाहीये. सात पोरं, नवरा मुंबईला गिरणीत, पावसाळ्यात चार महिने ओली लाकडं. तिच्यावर सिनेमा काढला तर तिची बाजू मीच लिहीन. पण कानाची गोष्ट काकाची होती ना? आणि पन्नास वर्षं ती सांगितली गेली आज्जीची गोष्ट म्हणून. आज्जी कशी तापट, आज्जीचा नेम कसा अचूक. काका त्यात गोल फिरणारा विदूषक. क्रिस्टिनाचं पॅरामाउंटने जे केलं ते आम्ही ओट्यावर फुकटात केलं, आणि काकाने स्वतःच त्यात काम केलं.

म्हणून तो 'आपल्याकडे असं नसतं' वाला सूर माझ्यापुढे लावू नका. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७चा अभ्यास आहे. तेरा राज्यांत १२,४४७ मुलांना विचारलं. दर तिघांतल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. शाळेत मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरात? बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला जुन्या दंडविधानात कलम ८९ची सवलत होती. २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ती कलम २७ म्हणून जशीच्या तशी आहे. (गंभीर दुखापतीला ती पुरत नाही, पण ती गंभीर आहे हे आधी कोणी डॉक्टरला दाखवायला तर हवं.) स्वीडनने घरातला मारसुद्धा १९७९ मध्येच बंद केला, म्हणजे क्रिस्टिनाचं पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी.

आणि मराठी चरित्रपटांचं काय? गेली पंधरा-वीस वर्षं आपल्याकडे चरित्रपटांची लाट आहे. टिळक, फाळके, बालगंधर्व, भगवानदादा. बहुतेक ठिकाणी नायक प्रवेश करतो तोच हार घातलेल्या फोटोतून उतरल्यासारखा. थोडं वेगळं करायचा प्रयत्न 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' (२०१८) मध्ये झाला. घाणेकर आमच्या चिपळूणचे. दारू, बेफिकिरी, मोडलेला संसार, सगळं दाखवलं, लपवलं नाही, आणि सुबोध भावेने काम झकास केलंय. पण मी बघितला त्या शोला शिट्ट्या कशाला होत्या? एंट्रीला. बायको वाट बघत बसलेली असते त्या सीनला लोक मोबाईल बघत होते. नटसम्राटाचा सिनेमा काढायचा तर त्याच्या घरातल्यांचा सिनेमा आपोआप बारीक होतो. कॅमेऱ्याला चमकणारी वस्तू आवडते, काय करणार.

तरी हे जमतच नाही असं नाही. जमलेलं आहे आणि ते मराठी मातीतलंच आहे.

हंसा वाडकर. मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३. घरची गरज म्हणून लहानपणीच तोंडाला रंग लागला, १९३६ साली 'विजयाची लग्ने', म्हणजे वय तेरा. पुढे 'संत सखू', 'लोकशाहीर रामजोशी', आणि १९५९चा 'सांगत्ये ऐका', जो पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्याच नावाने तिने आपली कहाणी सांगितली, आधी 'माणूस'मध्ये आणि १९७० मध्ये पुस्तक म्हणून. काय सांगितलं नाही त्यात? दारू, पुरुष, गमावलेली मुलं, स्वतःचे निर्णय. कोणाच्या पायावर डोकं ठेवलं नाही आणि स्वतःलाही सोडलं नाही. श्याम बेनेगलनी त्यावरून १९७७ ला 'भूमिका' केला, म्हणजे जोन क्रॉफर्ड गेली त्याच वर्षी. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

'भूमिका' पुन्हा बघा, आणि या वेळी स्मिताकडे नका बघू. (कठीण आहे, माहितीये.) सुलभा देशपांडेंनी केलेली तिची आई बघा. मायलेकींची धुसफूस सिनेमाभर चालू आहे, पण ती बाई राक्षसीण नाही आणि देवीही नाही. गरिबीने, दारुड्या नवऱ्याने आणि 'लोक काय म्हणतील'ने वैतागलेली एक बाई आहे, जिचं पोरीशी जमत नाही. तिच्यावर हसता येत नाही, तिला ओवाळताही येत नाही. लहानपणाच्या आठवणी गोविंद निहलानींनी वेगळ्या रंगात धरल्यात, त्यामुळे आपण सतत भानावर असतो की हे उषाला *आठवतंय*, हे तिचं आहे. साक्षीदार बदललेला नाही. नुसतं एवढं पाळलं तरी सगळा सिनेमा सरळ उभा राहतो.

आणि उषा स्वतः नटी-आई आहेच की. ती घर सोडते तेव्हा एक मुलगी मागे राहते. शेवटी ती मुलगी मोठी होऊन, लग्न होऊन, हॉटेलच्या खोलीवर येते. आईला आपल्याकडे चल म्हणते. उषा जात नाही. बेनेगल तिथे पोरीला रडवत नाहीत, आईला थोर करत नाहीत. मला त्या मुलीचा चेहरा जास्त आठवतो. 'भूमिका' आईच्या पुस्तकावरचा सिनेमा, त्यामुळे तो आईचा असणं रास्तच. पण त्या मुलीचं पुस्तक कोणी लिहिलं असतं तर आपण ते कसं वाचलं असतं याचा विचार करा. "एवढ्या मोठ्या कलावंत बाईबद्दल असं?" इथून सुरुवात झाली असती.

२०२२ मध्ये जेनेट मॅककर्डी नावाच्या अमेरिकन बालकलाकाराने आईवर पुस्तक लिहिलं. आई मेली ते बरं झालं, असं नावातच सरळ सांगून टाकलं. आईने तिला बालनटी बनवलं, उपाशी ठेवायला शिकवलं, सगळं आहे. विनोदीसुद्धा आहे, खूप. पण तो विनोद तिचा आहे, कुठे हसायचं ते तीच ठरवते. लोकांनी ते पुस्तक लाखांनी घेतलं. पण कुठे हसायचं ते ठरवणं क्रिस्टिनाच्या नशिबी नव्हतं. तिच्या पुस्तकावर सिनेमा बसला तो बसलाच, इतका की आज 'मॉमी डिअरेस्ट' म्हटलं की फे डनअवेचा चेहरा येतो आणि क्रिस्टिनाचा कोणाला माहीतही नसतो. ती सांगत राहिली की सिनेमातलं ते माझं नव्हे. १९९८ मध्ये, पुस्तकाला वीस वर्षं झाल्यावर, तिने ते पुन्हा काढलं आणि आधी गाळलेला मजकूर त्यात परत घातला. २०१३ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ती न्यूयॉर्कमध्ये एका छोट्या स्टेजवर एकटी उभी राहिली आणि प्रेक्षकांना ते सगळं पहिल्यापासून, स्वतःच्या तोंडाने, सांगायला लागली.